दुसऱ्याच्या नाममुद्रेखाली

आवाजाआधी तिचा श्वास ऐकू येतो. पियानोवरची सुरुवातीची सुरावट ओसरत आलेली असते, वादकाची बोटं पट्ट्यांवरून जवळजवळ उचललेलीच असतात, आणि त्या निमिषभराच्या मोकळ्या जागेत एक बारीक, आत ओढलेला श्वास येतो. सांगावं की सांगू नये या घालमेलीच्या शेवटी माणूस घेतो तसा. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना तो पुसून टाकता आला असता. त्यांनी पुसला नाही, हे त्यांचे उपकार.

मग सूर लागतो.

मेझो-सोप्रानो हा बाईचा मधल्या पट्टीतला आवाज. सोप्रानोसारखा तो वरच्या टोकाला जाऊन लखलखत बसत नाही, कॉन्ट्राल्टोसारखा तळाशी मुक्कामही करत नाही. दोन्ही घरी त्याचं येणंजाणं असतं. चेचिलिया बार्तोली या मेझो गायिकेच्या गळ्यातले खालचे सूर तर तांब्याच्या घंगाळात, चुलीवर तापवलेल्या पाण्यासारखे येतात, ऊन, गडद, किंचित धुराचा वास घेऊन, आणि आपण त्या उबेला सरावतो न सरावतो तोच त्यातून एखादी तान अशी निसटते, इतकी चपळ, इतकी थेंबाथेंबानं वेगळी, की ती कुठून निघाली आणि कुठे विरली हे कळायच्या आत फक्त अंगावरचा काटा उरतो.

१९९२ साली डेक्का कंपनीनं काढलेली तिची एक तबकडी आहे, 'से तू मामी' नावाची. (मराठी कानाला यात मामी ऐकू येते, त्याला इलाज नाही. 'तुझं माझ्यावर प्रेम असेल तर' असा काहीसा त्याचा अर्थ.) सोबतीला फक्त ग्यॉर्गी फिशरचा पियानो. वाद्यवृंद नाही, नेपथ्य नाही, मखमली पडदा नाही. गाणी सगळी जुनी, इटलीतली, सतराव्या-अठराव्या शतकांतली म्हणून ओळखली जाणारी, आणि बहुतेक प्रेमाची. ती तेव्हा पंचविशीच्या आसपास होती. मी ही तबकडी दिवेलागणीला ऐकते, दिवा न लावता. खिडकीतला उजेड आधी पिवळा होतो, मग जांभळट, मग नुसता राखेचा, आणि खोलीतल्या वस्तू एकेक करून आपापली नावं टाकून देतात.

खरं म्हणजे ही गाणी पाश्चात्त्य गायन शिकणाऱ्यांची बाराखडी आहे. जगभरातली मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षी हीच गाणी म्हणतात, श्वास कुठे घ्यायचा, स्वर उघडा कसा ठेवायचा, हे शिकण्यासाठी. शिकवणी संपली की वही मिटतात आणि मोठ्या ऑपेरांकडे वळतात. आपल्याकडे भूपातली पहिली चीज अशीच मागे पडते. पुढे कधीतरी, गळ्यावरून पुष्कळ पाणी वाहून गेल्यावर, एखादा बुवा भर मैफलीत तीच चीज काढतो आणि ऐकणारे चपापतात. एवढं सगळं त्या चार ओळींत होतं? शिकताना तर नव्हतं!

तबकडी उघडते ती सूर्योदयानं. आलेस्सांद्रो स्कार्लातीचं 'जा इल सोले दाल गांजे'. सूर्य उगवतोय, आणि उगवतोय तो गंगेवरून. १६८० साली रोममध्ये झालेल्या एका ऑपेरातलं हे गाणं. तेव्हा स्कार्लातीनं विशीही गाठली नव्हती. आपल्या जगाच्या पूर्वेला, जिथून रोज उजेड येतो तिथे, गंगा नावाची एक नदी आहे, एवढ्यावर ते गाणं लिहिणाऱ्या कवीचं भागलं होतं. दान्तेनंही त्याच्या कितीतरी आधी आपल्या महाकाव्यात सूर्याला गंगेतूनच वर काढलं होतं. त्याच १६८० सालच्या एप्रिलात इकडे रायगडावर शिवछत्रपतींनी देह ठेवला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी ते साल वाचलं की मला एकाच वेळी दोन दिशा दिसतात, एकीकडे उगवती आणि एकीकडे मावळती, आणि मधे कुणाचं कुणाला काही ठाऊक नसलेली सगळी पृथ्वी.

काशीच्या घाटावर मी पाहिलेला सूर्य मात्र असा नव्हता. तो धुरकट होता, थोरल्या कुंकवासारखा, ओल्या धोतरांच्या आणि झेंडूच्या कुजक्या पाकळ्यांच्या वासातून हळूहळू वर सरकणारा. स्कार्लातीचा सूर्य घासूनपुसून लख्ख आहे. तो पायऱ्या चढत येतो, दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि पहाटेच्या डोळ्यांतलं पाणी थेंब न थेंब टिपून टाकतो. बार्तोली तो गाते तेव्हा तिच्या आवाजात एक उर्मट, तरुण हसू असतं. न पाहिलेल्या नदीवर इतकं मनापासून प्रेम करता येतं. पाहिल्यावर कदाचित आलं नसतं.

या गाण्यांतलं प्रेम मोठं अदबशीर असतं. कुणी भांडी आपटत नाही. कुणी दारं लावून घेत नाही. मेंढपाळ असतो, वनकन्या असते, पानांआड लपलेली व्हायोलेटची फुलं असतात, मदन आणि त्याचा भाता असतो, आणि निष्ठुर प्रियेला उद्देशून केलेलं आर्जव असतं: तू कितीही झुरव, मी एकनिष्ठच राहीन. काल्दाराच्या 'सेब्बेन, क्रुदेले'त एवढंच आहे, यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. कागदावर वाचलं तर जांभई येईल. पण सूर त्या अदबीला आतून कुरतडत असतात. वर कसा, दरबारी पोशाख, हातरुमालाची घडी, झुकून केलेला मुजरा. आणि खाली, पियानोच्या डाव्या हातात, एकेक पायरी उतरत जाणारं काहीतरी, जे त्या मुजऱ्याला खोटं पाडत जातं. दुःखाला शिष्टाचार शिकवला की ते कमी होत नाही. त्याचा आवाज फक्त खाली येतो.

आणि मग ते परत पहिल्या ओळींवर येणं. त्या काळातल्या कितीतरी गाण्यांचा घाटच असा: एक भाग, मग दुसरा, आणि मग पुन्हा पहिला, तेच शब्द, तेच सूर. पहिल्यांदा शब्द नुसते कळतात. मधल्या भागात वाट थोडी अंधारते, सूर दुसऱ्याच मुलखात जाऊन येतात, आणि मग तीच ओळ परत येते तेव्हा गाणारीनं त्यात आपली नक्षी भरायची असते. कुठे एक गिरकी, कुठे लांबवलेला स्वर, कुठे नुसतंच थबकणं. बार्तोली अशा ठिकाणी आवाज वाढवत नाही. ती तो इतका बारीक करते की आपण नकळत पुढे झुकतो. पहिल्यांदा जे विधान होतं ते आता आठवण झालेलं असतं. 'मी तुझ्यावर प्रेम करीन' हे एकदा म्हणणं वेगळं, आणि मधली सगळी वाट चालून आल्यावर, सगळं माहीत झाल्यावर, तेच पुन्हा म्हणणं वेगळं.

संसारातही तसंच असावं. असो.

या सगळ्यांत वयानं वडीलधारं गाणं म्हणजे ज्युलिओ कात्चीनीचं 'आमारिल्ली'. फ्लोरेन्समध्ये १६०२ साली छापलेल्या त्याच्या 'ले नुओवे मुझीके' या पुस्तकातलं. पाच-पाच आवाज एकमेकांत गुंतवून शब्दांचा चेंदामेंदा करण्याच्या तेव्हाच्या रिवाजाला तो कंटाळला होता. त्याला एकच आवाज हवा होता, एकच वाद्य, आणि प्रत्येक शब्द कळायला हवा होता. तालाचा धाक थोडा सैल करून, बोलल्यासारखं गावं, असं त्यानं प्रस्तावनेत आग्रहानं मांडलं. घर सगळं गाणारं. त्याच्या बायका गायच्या, मुली गायच्या. थोरली फ्रान्चेस्का तर पुढे स्वतः ऑपेरा रचणारी झाली. बार्तोलीलाही गाणं शिकवलं ते तिच्या आईनं, सिल्वाना बात्झोनीनं. आई-वडील दोघंही रोमच्या ऑपेरात गाणारे. घराणं हा शब्द तिकडे नसेल, वस्तू आहे.

'आमारिल्ली'मध्ये प्रियकर सांगतो की, शंका असेल तर हा बाण घे, माझी छाती उघड आणि पाहा, आत तुझंच नाव लिहिलेलं आहे. मारुतीनं छाती फाडून रामसीता दाखवल्याची गोष्ट दुधाच्या दातांनी ऐकलेल्या आपल्याला यात नवं काही वाटत नाही. नवं वाटतं ते हे की, एवढा भयंकर पुरावा देऊ करताना आवाज किंचितही चढत नाही. त्या नावाशी तो परत परत येतो, शेवटी तर पुन्हा पुन्हा तेच नाव, आणि दर वेळी बार्तोली ते वेगळ्या जागी ठेवते: एकदा ओठांवर, एकदा घशाशी, एकदा जवळजवळ फक्त श्वासात.

खोलीत एव्हाना काळोख झालेला असतो.

पियानोबद्दल जाणकार नाक मुरडतात, ते बरोबरच आहे. कात्चीनीच्या काळी पियानो नव्हता. तो स्वतः लांब मानेच्या कितार्रोनेवर साथ घ्यायचा, कागदावर फक्त खालची सुरावट लिहिलेली असायची, आणि वरचं सगळं वाजवणाऱ्यानं आपल्या समजुतीनं भरायचं असायचं. पियानो जन्माला आला त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७०० च्या सुमारास. पण आला तो त्याच फ्लोरेन्समध्ये, तिथल्या मेदिची राजघराण्याच्या छत्राखाली, बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराच्या हातून. त्याचे तीनच पियानो आज उरलेत, त्यातला एक रोममध्ये आहे. तारेला खुडण्याऐवजी छोट्या हातोड्यानं मारायचं आणि मारून लगेच मागे सरायचं, म्हणजे बोट जितक्या जोरानं दाबाल तितका सूर मोठा, ही त्याची युक्ती. पियानोचा सूर एकदा वाजला की वाढत नाही. वाजल्या क्षणापासून तो मरायला लागतो. गाणारीचा सूर मात्र वाजल्यावर फुलू शकतो, भरू शकतो आणि मग आपल्या मर्जीनं मावळू शकतो. म्हणून या दोघांची जोडी मला वाद्यवृंदापेक्षा जास्त आवडते: एक सतत सोडून देणारा, एक शेवटपर्यंत धरून ठेवणारी. शास्त्राला ते मंजूर नसेल. कानाला आहे.

आणखी एक गोष्ट. आमारिल्लीला आळवणारा प्रियकर पुरुष आहे. आपल्या समोर गाणारी बाई आहे. यात कुणाला काही खटकत नाही, कारण त्या परंपरेत हे उलटसुलट फार आधीपासून चालत आलं. पोपच्या रोममध्ये बायकांना रंगमंचावर बंदी होती. लहानपणी शस्त्रक्रिया करून आवाज फुटू न दिलेले पुरुष गायक नायिकाही होत आणि नायकही. त्या क्रूर प्रथेचा शेवट झाला, ते गायक गेले, आणि त्यांची कितीतरी गाणी मेझो आवाजाच्या बायकांकडे वारशानं आली. आपल्याकडे बालगंधर्व भामिनी झाले, सिंधू झाले, आणि आपल्या आज्यांनी त्यांच्याकडून पदर कसा घ्यायचा ते उचललं. प्रेम कुणी कुणावर करायचं याचे नियम समाज करतो. सुरांना ते नियम कधी पाठ झाले नाहीत.

आता त्या गाण्याकडे यायला हवं, ज्याचं नाव तबकडीला दिलं आहे. 'से तू मामी' वर्षानुवर्षं छापलं गेलं ते ज्योव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसीच्या नावावर. हा पेर्गोलेसी नापोलीत शिकला, तिथल्या एका अनाथ-गरीब मुलांच्या संगीतशाळेत, आणि १७३६ साली समुद्रकाठच्या पोत्सुओली गावी क्षयानं गेला. वय सव्वीस. मेल्यावर तो इतका लाडका झाला की प्रकाशकांनी कुणाकुणाच्या रचना त्याच्या नावावर खपवल्या. गाण्याचे शब्द अठराव्या शतकातलेच, पाओलो रोल्ली या कवीचे. एका खट्याळ मुलीचे, जी मेंढपाळाला गोड शब्दांत बजावते की मला तू आवडतोस, पण म्हणून मी फक्त तुझीच राहीन या भ्रमात राहू नकोस. एवढ्या रडणाऱ्या प्रियकरांत ही एकटीच हसते. पियानो बोटांच्या टोकांवर चालतो, आवाज हसू दाबत मान वेळावतो, आणि तरीही त्या चालीच्या अस्तराला कुठेतरी ओल लागलेली असते. मला ती ओल सव्वीस वर्षांच्या मुलाची वाटायची.

ती त्याची नाही.

या चालीचं जुनं हस्तलिखित कुठेच सापडलेलं नाही. ती पहिल्यांदा दिसते ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आलेस्सांद्रो पारिसोत्तीनं संपादित केलेल्या 'आरिए आन्तीके' या संग्रहात. मिलानच्या रिकोर्दी प्रकाशनानं १८८५ पासून तीन भागांत काढलेला हा संग्रह म्हणजेच ती मघाची बाराखडी. पारिसोत्ती रोमचा, तिथल्या सांता चेचिलिया अकादमीचा चिटणीस. (चेचिलिया ही संगीताची रक्षक संत, बार्तोलीचं नाव तेच, आणि ती शिकलीही तिच्याच नावाच्या संगीतशाळेत.) त्यानं धूळ खात पडलेल्या जुन्या हस्तलिखितांतून ही गाणी वेचली, त्यांना पियानोची साथ लिहिली, आणि आज बहुतेक अभ्यासक मानतात की त्यांच्यात गुपचूप आपलं स्वतःचं एक गाणं ठेवून दिलं. वर नाव लिहिलं पेर्गोलेसीचं.

याला लबाडी म्हणता येईल. मला म्हणवत नाही. तुकोबांच्या गाथेत तुकोबांचे नसलेले अभंग किती आणि नामदेवांच्या गाथेत नामदेवांनंतरच्या नाम्यांचे किती, यावर आपले पंडित पिढ्यान्‌पिढ्या डोकं शिणवत आले. कुणीतरी एक, कधीतरी, एखाद्या गावच्या देवळात बसून, आयुष्यभर ते अभंग म्हणून म्हणून त्यांच्याच लयीत श्वास घ्यायला लागलेला, एका रात्री स्वतःचे चार चरण लिहितो आणि शेवटी हात आपसूक 'तुका म्हणे' लिहून जातो. आपलं नाव घालायचं त्याच्या मनातही येत नाही. तिथे लबाडी शोधायला गेलं तर लबाडी सापडत नाही, सापडतो तो फक्त एक माणूस, जो ज्याच्यावर प्रेम केलं त्याच्यात विरघळून गेला. पारिसोत्तीचंही मला तसंच दिसतं. दिवसभर अकादमीची पत्रं, ठराव, हिशेब; आणि रात्री दिव्याखाली जुनी गाणी उतरवून घेणं, इतकी की एका रात्री बोटांनी पुढची सुरावट स्वतःच लिहिली, आणि ती कुणाची हे त्यालाच सांगता येईना. एवढं खरं की, त्या संग्रहातलं सगळ्यांत खेळकर प्रेमगीत लिहिणाऱ्यानं ते दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका मुलाला देऊन टाकलं.

पुढची गंमत अशी की, इगॉर स्त्राविन्स्कीनं १९२० साली पेर्गोलेसीच्या संगीतावर आपला 'पुल्चिनेल्ला' हा बॅले उभारला, तेव्हा त्यानं हे गाणंही विश्वासानं उचललं. या तबकडीवर असं आणखीही आहे. 'स्पोझा सोन दिस्प्रेत्साता' हे झिडकारलेल्या पत्नीचं गाणं विवाल्दीचं म्हणून गाजलं. त्याच्या 'बायाझेत' या ऑपेरात ते आहेही, पण चाल मुळात जेमिनियानो जाकोमेल्लीची, आणि ती रचली होती फारिनेल्ली या पुरुष गायकासाठी. 'कारो मियो बेन' तर दोन जोर्दानींमध्ये अडकलंय. पूर्वी ज्युझेप्पेचं म्हणत, हल्ली तोम्मासोचं म्हणतात. मालकीचे कागद पाहायला गेलं तर या गल्लीतलं एकही घर धड नाही. आणि घराघरात दिवा आहे.

मी पारिसोत्तीचं कळल्यानंतर 'से तू मामी' पुन्हा ऐकलं, थोडी धास्तावूनच, आता ती ओल कोरडी पडेल म्हणून. तिचा श्वास आला. पियानो बोटांच्या टोकांवर चालू लागला. मुलगी हसली. ओल होती. उलट आता मला त्यात दोघं ऐकू येत होते, सव्विसाव्या वर्षी गेलेला मुलगा आणि त्याच्या नावामागे उभा राहिलेला चिटणीस, आणि त्या दोघांच्या वतीनं, रोल्लीच्या शब्दांत, मेंढपाळाला बजावणारी, कुणाचीच होऊन न राहणारी ती पोर.

आजही कितीतरी कार्यक्रमपत्रिकांवर या गाण्यापुढे पेर्गोलेसीचंच नाव असतं. फार तर पुढे एक प्रश्नचिन्ह. ते खोडू नका, पारिसोत्तीलाही ते आवडलं नसतं. फक्त हे गाणं कुठे ऐकलंत तर त्या नावाशेजारी, पेन्सिलीनं का होईना, आणखी एक नाव लिहा: आलेस्सांद्रो पारिसोत्ती, रोम, १८५३ ते १९१३.